कॉलेजची नोटीस हातात पडते तेव्हा

प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर कागदांची जी चवड पुढे सरकवली जाते, ती वाचून सही करणारा विद्यार्थी विरळाच. रात्रभर बसचा प्रवास करून आलेले आईवडील, फी भरायची रांग, दुपारच्या आत पीजीचं डिपॉझिट द्यायची घाई आणि पाठीमागे ताटकळलेली माणसं. कारकून बोट ठेवून दाखवतो: इथे, इथे आणि इथे. मुलगा सह्या करतो, वडील सह्या करतात. त्या चवडीत रॅगिंग न करण्याचं हमीपत्र असतं, हजेरीची अट असते, ओळखपत्राचे आणि मोबाइलचे नियम असतात. ‘प्राचार्यांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्यही बहुतेक ठिकाणी असतंच.

बंगळुरूच्या राजाजीनगरात हा प्रसंग मराठी घरांना नवा नाही. इथल्या दुसऱ्या ब्लॉकमधलं एस. निजलिंगप्पा कॉलेज केएलई संस्थेचं, आणि केएलई १९१६ साली बेळगावात सुरू झालेली. सीमाभागातल्या घरांना हे नाव ओळखीचं. ज्यांचं नाव या कॉलेजला दिलं आहे ते निजलिंगप्पा स्वतः पुण्यात कायदा शिकले. आसपास पदवी महाविद्यालयं आहेत, पीयू (अकरावी-बारावीची) कॉलेजं आहेत, ईएसआयसीचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. निपाणी, बेळगाव, सोलापूर, सांगलीची मुलं इथल्या पीजींमध्ये राहून शिकतात. घरापासून एक रात्र दूर, भाषा अर्धवट कळणारी आणि ओळखीचं कुणी नाही. अशा मुलाच्या हाती शिस्तभंगाची नोटीस पडली, की पहिल्या दोन दिवसांत तो काय करतो यावर त्याचं वर्ष अवलंबून राहू शकतं.

एक नमुना घेऊ. तो कोणत्याही एका कॉलेजचा नाही, पण असा मजकूर अनेकांनी पाहिलेला असेल. ‘आपण कॅम्पसमध्ये शिस्तभंग केल्याचे निदर्शनास आले आहे. आपणास आजपासून पुढील आदेशापर्यंत निलंबित करण्यात येत आहे. पालकांसह प्राचार्यांना भेटावे.’ कागद लेटरहेडवर, खाली शिक्का. तीन वाक्यं वाचून मुलाच्या पायाखालची जमीन सरकते. पण तोच कागद पीजीच्या टेबलावर ठेवून पेन्सिलीनं पुन्हा वाचला, तर दिसतं की त्यात जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही. काय घडलं? कोणत्या तारखेला, कुठे? कोणता नियम मोडला? तक्रार कुणाची, पुरावा कोणता? उत्तर द्यायला किती दिवस? निलंबन किती दिवसांचं? नोटिशीत जे नाही तेच उत्तरात मागायचं असतं.

हे मागणं म्हणजे उर्मटपणा नव्हे. शिक्षा करण्याआधी आरोप सांगावा, पुरावा दाखवावा, म्हणणं ऐकून घ्यावं, आणि ऐकणारा माणूस त्या भांडणातला पक्षकार नसावा, एवढंच नैसर्गिक न्यायाचं तत्त्व सांगतं. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळानं तीन विद्यार्थ्यांचे निकाल त्यांना काही न विचारता रद्द केले होते. त्यावर १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की विद्यार्थ्याच्या भवितव्यावर परिणाम करणारा असा निर्णय घेताना त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. साठ वर्षं उलटली, तरी कॉलेजांच्या हातून हीच चूक पुन्हा पुन्हा होते.

अगदी अलीकडचं उदाहरण पुण्याचं आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला असताना तिथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीनं समाजमाध्यमावर त्या संघर्षाबद्दलची दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट पुढे टाकली. ती जम्मू-काश्मीरची. धमक्या येऊ लागल्या तशी चूक तिच्या लक्षात आली. दोन तासांच्या आत तिनं पोस्ट काढून टाकली, माफीही मागितली. ९ मे रोजी पोलिसांनी तिला अटक केली आणि कॉलेजनं रस्टिकेट केलं. सत्र परीक्षा तोंडावर होती. तिला बोलावून विचारलं नाही, खुलासा मागवला नाही. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौरी गोडसे आणि सोमशेखर सुंदरेसन यांच्या सुटीतल्या खंडपीठानं तिला जामीन दिला आणि रस्टिकेशनच्या आदेशाला स्थगिती दिली. बाजू मांडण्याची संधी न देता काढलेला आदेश टिकणार नाही, असं न्यायालयाला वाटलं आणि उरलेल्या परीक्षेला तिला बसू देण्यात आलं. पोस्ट योग्य होती की अयोग्य, याबद्दल वाचकांची मतं वेगवेगळी असतील. पण चूक केलेल्या मुलीलाही ‘तुझं काय म्हणणं आहे’ हे विचारायला एक दिवस लागला असता. तो दिवस न दिल्यामुळे तिचे काही पेपर बुडाले.

आता दुसरी बाजू, कारण अर्धं ज्ञान घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेलेला विद्यार्थी स्वतःचंच नुकसान करतो. कॉलेजची चौकशी म्हणजे कोर्टातला खटला नव्हे. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा तिथे लागत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा हक्क दर वेळी मिळेलच असं नाही. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजात १९७२ साली काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात घुसले. ३६ मुलींनी तक्रार केली. चौकशी समितीनं मुलींचे जबाब मुलांच्या अपरोक्ष घेतले आणि ओळख पटवण्यासाठी आरोप असलेल्या मुलांचे फोटो इतरांच्या फोटोंत मिसळून दाखवले. मुलांना आरोप लेखी कळवला, त्यांची बाजू ऐकली आणि मग कॉलेजातून काढलं. आम्हाला मुलींसमोर उभं केलं नाही, ही त्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये फेटाळली. तक्रार करणाऱ्या मुलींना धाकदपटशा होऊ नये म्हणून तसं करणं रास्त होतं, असं न्यायालयाचं मत पडलं. हा निकाल अगदी योग्य आहे. ज्या मुलीला उद्या त्याच जिन्यावरून जायचं आहे, तिची सुरक्षितताही न्यायाचाच भाग असते. संपूर्ण केंद्रावर सामूहिक कॉपी झाल्याचं निकालावरूनच दिसत असेल तर प्रत्येकाला वेगळं ऐकायची गरज नाही, असंही न्यायालयानं १९७० साली बिहारच्या एका प्रकरणात म्हटलं होतं.

मग नोटीस आल्यावर करायचं काय?

सर्वात आधी कागदावर मिळाल्याची तारीख आणि वेळ लिहून फोटो काढून ठेवावा. नोटीस तोंडी असेल, म्हणजे शिपायानं येऊन ‘उद्यापासून वर्गात बसू नको’ एवढंच सांगितलं असेल, तर त्याच संध्याकाळी प्राचार्यांना ईमेल करून ‘आज अमुक वाजता मला असं सांगण्यात आलं, कृपया लेखी आदेश द्यावा’ असं कळवावं. नोटीस कन्नडमध्ये असेल आणि नीट समजत नसेल, तर इंग्रजी प्रत मागावी. त्यात कमीपणा नाही. वर्गातल्या कन्नड मित्राकडून अर्थ समजून घ्यावा, पण उत्तर स्वतः, आपल्याला पूर्ण कळणाऱ्या भाषेत लिहावं. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं. त्यामुळे जिथे घटना घडली तिथल्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवावं, अशी लेखी विनंती पहिल्याच दिवशी करावी. ग्रुपवरचे मेसेज डिलीट करू नयेत. घाबरून पुसलेला मेसेज समोरच्याच्या फोनमध्ये असतोच, आणि मग मूळ चुकीपेक्षा ती पुसापुशीच मोठी दिसते.

खुलासा मात्र त्याच तासाला लिहू नये. एक रात्र जाऊ द्यावी, घरी फोन करावा, सगळं खरं सांगावं. आईवडिलांना अर्धंच सांगितलेलं असतं आणि प्राचार्यांच्या खोलीत उरलेलं अर्धं ऐकून त्यांचा चेहरा उतरतो, तेव्हा मुलाची बाजू मांडायला खोलीत कुणीच उरत नाही.

खुलासा एका पानाचा पुरतो. ‘दिनांक १२ ची नोटीस मला १४ तारखेला मिळाली. तीत घटनेची तारीख, स्थळ आणि मोडलेला नियम यांचा उल्लेख नाही, तो कळवावा. तक्रारीची प्रत आणि ज्या पुराव्याच्या आधारे कारवाई प्रस्तावित आहे तो पाहू द्यावा. त्यानंतर म्हणणं मांडण्यासाठी मला सात दिवस द्यावेत आणि समितीसमोर प्रत्यक्ष ऐकून घ्यावं. दरम्यान अंतर्गत परीक्षेला बसण्याची परवानगी असावी.’ असा साधा, शांत मजकूर. शिक्षकाच्या हेतूवर शिंतोडे नकोत, मानवी हक्कांची भाषणं नकोत. घटनेबद्दल लिहायची वेळ येईल तेव्हा ‘मी काहीच केलं नाही’ हे वाक्य ते शब्दशः खरं असेल तरच लिहावं. धक्काबुक्कीत आपण होतो पण पहिला हात आपला नव्हता, तर नेमकं तेच लिहावं. जेवढं केलं तेवढं कबूल केलेला विद्यार्थी जे केलं नाही त्याबद्दल विश्वसनीय ठरतो.

इथे एका सापळ्याबद्दल सावध करायला हवं: आयता माफीनामा. ‘यावर सही कर, विषय संपला’ असं म्हणत छापील कागद पुढे येतो. त्यात ‘मी केलेल्या गंभीर गैरवर्तनाबद्दल, पुन्हा असे घडल्यास मला काढून टाकण्यास माझी हरकत नाही’ असा मजकूर असतो. विषय संपत नाही. ती सही पुढच्या प्रत्येक प्रकरणात कबुलीजबाब म्हणून वर येते. माफी मागायची असेल तर जरूर मागावी, पण स्वतःच्या शब्दांत, झालेल्या चुकीपुरती. परीक्षेच्या हॉलमध्ये चिठ्ठी सापडल्यावरही हेच होतं. पर्यवेक्षक उत्तरपत्रिका काढून घेतात, फॉर्म भरून घेतात, आणि थरथरत्या हातानं विद्यार्थी सही करतो. त्या फॉर्मवर आपलं म्हणणं लिहायला जागा असते. चिठ्ठी खिशात होती पण तिच्यातून काही उतरवलं नाही, किंवा ती बाकाखाली आधीपासून पडलेली होती, हे तिथेच लिहावं. विद्यापीठाच्या समितीचं बोलावणं नंतर येतं; ती तारीख कोणत्याही कारणानं चुकवू नये. ज्याला बोलावलं आणि जो आला नाही, त्याला ‘मला ऐकलं नाही’ म्हणता येत नाही.

सुनावणीला गेल्यावर समितीत कोण आहे ते पाहावं. ज्यांनी तक्रार केली तेच सर समितीत बसले असतील तर नम्रपणे आणि लेखी हरकत नोंदवावी. विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल, पीयूला असतात तसा, तर पालकांशिवाय जबाब देऊ नये. जबाब लिहून घेतला की वाचून मगच सही करावी.

काही आरोपांसाठी चौकशीचा रस्ताच वेगळा आहे. रॅगिंगबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम लागू होतात. त्या वर्षी मार्चमध्ये हिमाचलमधल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी रॅगिंगच्या मारहाणीत गेला. त्यानंतर हे नियम कडक झाले. वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती रोखणं, वसतिगृहातून काढणं, एक ते चार सत्रांसाठी रस्टिकेशन, कायमचं निष्कासन, इथपर्यंत शिक्षा त्यात आहेत. दोषी नेमके कोण ते सापडलं नाही तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे. कर्नाटकच्या १९८३ च्या शिक्षण कायद्यात रॅगिंग हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ‘नुसती मस्करी केली’ हा बचाव इथे चालत नाही, आणि चालूही नये. ज्याच्यावर रॅगिंग होतंय त्यानं १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा. ज्याच्यावर आरोप आहे त्यानंही लक्षात ठेवावं, की संलग्न कॉलेजच्या आदेशाविरुद्ध कुलगुरूंकडे अपील करता येतं.

लैंगिक छळाच्या तक्रारी अंतर्गत समितीकडेच जातात. प्राचार्यांनी त्या परस्पर मिटवायच्या नसतात. अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. तिची प्रत सात दिवसांत समोरच्या व्यक्तीला मिळते, तिला उत्तर द्यायला दहा दिवस असतात आणि चौकशी ९० दिवसांत पुरी करायची असते. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही.

वसतिगृहाचे नियम हा आणखी एक नाजूक भाग. केरळात कोझिकोडजवळच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाइल जमा करायचा नियम होता. तो न पाळणाऱ्या विद्यार्थिनीला बाहेर काढलं गेलं. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं तिला परत घ्यायला सांगितलं, कारण अभ्यासासाठी इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे आणि सज्ञान मुलीवर असं सरसकट बंधन योग्य नाही. याचा अर्थ रात्रभर मोठ्यानं रील पाहायची मोकळीक मिळाली असा नाही. नियमाला कारण हवं आणि ते शिक्षणाशी जोडलेलं हवं.

आणि शिक्षेला मापही हवं. पुण्यात ऑक्टोबर १९०५ मध्ये विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रघुनाथराव परांजपे यांनी विनायक सावरकरांना १० रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. ‘केसरी’नं त्यावर प्राचार्यांना धारेवर धरलं. तरी सावरकरांना बी.ए.च्या परीक्षेला बसता आलं, हे या प्रसंगात सहसा कुणी सांगत नाही. वसतिगृहातली शिक्षा आणि परीक्षा या दोन गोष्टी तेव्हाही वेगळ्या ठेवल्या गेल्या. आजची अनेक कॉलेजं भांडणाबद्दल हॉलतिकीट अडवतात, तेव्हा ती एका संध्याकाळच्या चुकीसाठी पूर्ण वर्ष वसूल करतात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं एप्रिल २०२४ मध्ये एका पीएच.डी. विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. तिथे नोटीस होती, समिती होती, सुनावणीही होती. म्हणून उच्च न्यायालयानं हस्तक्षेप केला नाही. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा तोपर्यंत भोगलेल्या काळापुरतीच ठेवली आणि त्याला शिक्षण पुरं करू दिलं. प्रक्रिया बरोबर असली तरी शिक्षेच्या मापाबद्दल दाद मागता येते, हे यातून दिसतं. खुलाशात म्हणूनच पहिलीच चूक असल्याचं, हजेरी आणि गुण चांगले असल्याचं, झालेलं नुकसान भरून द्यायची तयारी असल्याचं जरूर लिहावं.

कॉलेजचा निर्णय झाल्यावरही एक दार उघडं असतं आणि ते फारच थोड्यांना माहीत असतं. अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिच्या सदस्यांत किमान एक महिला, किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातली व्यक्ती असावी आणि एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असावा. संस्थेनं स्वतःच्याच नियमांविरुद्ध केलेली कारवाई किंवा मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवणं हे या समितीकडे नेता येतं. विद्यार्थी स्वतः जाऊ शकतो किंवा प्रतिनिधी पाठवू शकतो. समितीनं साधारण १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा अशी अपेक्षा आहे. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करायचं, आणि लोकपालांनी ३० दिवसांत निर्णय द्यायचा. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश अशी व्यक्ती या पदावर असते. हा रस्ता फुकट आहे, वकिलाशिवाय चालता येण्याजोगा आहे, आणि कोर्टात जाण्याआधी तो चाललेला असला तर तिथेही उपयोगी पडतो.

या सगळ्यात कॉलेजांनीही थोडं मनावर घ्यायला हवं. प्राचार्यांवर पालकांचं, व्यवस्थापनाचं, कधी पोलिसांचं आणि बाहेरच्या जमावाचं दडपण असतं, हे खरं आहे. पुण्याच्या त्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात तसंच होतं. पण नियमांची पुस्तिका प्रवेशाच्या आधी वेबसाइटवर असणं, कोणत्या चुकीला कोणती शिक्षा हे त्यात लिहिलेलं असणं, अपील कुणाकडे करायचं ते आदेशाच्या तळाशी छापलेलं असणं, याला पैसा लागत नाही. वाढत्या वयातल्या मुलांच्या हातून चुका होणारच, हे गृहीत धरून ही पुस्तिका लिहायला हवी.

शेवटचा रस्ता उच्च न्यायालयाचा. राजाजीनगरहून हिरव्या मार्गावरच्या मेट्रोनं मॅजेस्टिकला यायचं, गाडी बदलून डॉ. आंबेडकर स्थानकावर उतरलं की लाल रंगाची ती इमारत समोर येते. वकिलाची फी परवडत नसेल तर महिला, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी आणि कमी उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा क्रमांक. परीक्षा तोंडावर असेल तर एक दिवसही दवडू नये, कारण पेपर होऊन गेल्यावर मिळालेल्या न्यायानं तो पेपर परत येत नाही.

वकील सर्वात आधी मागतो ती फाईल. तीत नोटीस हवी, नोटिशीचं पाकीट हवं, खुलाशाची प्रत हवी आणि त्या प्रतीवर कॉलेजच्या आवक विभागाचा तारखेसह शिक्का हवा. कारकून शिक्का द्यायला टाळाटाळ करत असेल तर तोच मजकूर ईमेलनं आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टनं पाठवावा. पोस्टाची पावती काही महिन्यांत पुसट होते, म्हणून तिची झेरॉक्स काढून प्रवेशाच्या वेळी सह्या केलेल्या त्या कागदांच्या प्रतींसोबत टाचून ठेवावी.